चोवीस बुधवारकर

“झोप?” मी विचारलं.

“झक्कास,” बोत्रेकाका म्हणाले. “पाठ टेकली की कोंबडा आरवेपर्यंत डोळा उघडत नाही.”

“भूक?”

“काल तीन भाकऱ्या खाल्ल्या. लिहा, तीन.”

“भाकऱ्या लिहायच्या नसतात काका. आधीपेक्षा वाढली की कमी झाली, एवढंच सांगायचं.”

“मग वाढली लिहा. जरा ठळक अक्षरात लिहा.”

“कामात मन लागतं?”

“मन? अहो बाई, इतकं लागतं की कात्री खाली ठेववत नाही.”

मी कागदावर शून्य मांडलं. आमच्या तक्त्यात शून्य म्हणजे काही त्रास नाही आणि चार म्हणजे पराकोटीचा त्रास. असे सतरा प्रश्न होते आणि त्यांची बेरीज म्हणजे त्या माणसाची उदासी. बोत्रेकाका मान उंचावून माझ्या पेनाकडे बघत होते.

“बेरीज किती?”

“सहा.”

“आणि मागच्या बुधवारी?”

“अकरा.”

“म्हणजे पाचानं उतरलं!” ते खुर्चीवरून उठले, टोपी सारखी केली आणि दारात जाऊन वळले. “आता तुमच्या सरांना जाऊन सांगा, म्हणावं, पोरीच्या औषधाला गुण आहे.”

मी हसले. त्यांच्याकडे माझं झंपराचं कापड महिनाभर पडून होतं, त्याची आठवण करून दिली. “पुढच्या बुधवारी,” ते म्हणाले आणि गेले. हे उत्तर मी चौथ्यांदा ऐकत होते, पण शिंप्याच्या तोंडून दुसरं काही ऐकायची कुणाचीच अपेक्षा नसते, तशी माझीही नव्हती.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. साताऱ्यापासून तासाभरावरच्या एका तालुक्याच्या गावी मी, हेमलता गलांडे, आयुर्वेदात एम.डी. करत होते. माझ्या प्रबंधाचा विषय होता विषाद आणि ब्राह्मी. विषाद म्हणजे आज पोराटोरांच्या तोंडी असतं ते डिप्रेशन. ब्राह्मी म्हणजे ओढ्याकाठच्या ओलाव्यात पसरणारी ती इवल्या, जाडसर पानांची वनस्पती. डोक्याला लावायच्या तेलामुळे तिचं नाव घरोघर ठाऊक. आमच्या ग्रंथांत तिची स्तुती भरपूर आहे. पण माझे मार्गदर्शक वैद्य घळसासी सर म्हणायचे, “स्तुती पुष्कळ झाली, गलांडे. आता कुणीतरी मोजलं पाहिजे. तुम्ही मोजा.”

मोजायचं कसं, तर विषादाचे चोवीस रुग्ण घ्यायचे. बारा जणांना ब्राह्मीच्या चूर्णाच्या कॅप्सूल द्यायच्या, बारा जणांना तशाच दिसणाऱ्या, पण आत ज्वारीचं भाजकं पीठ हिरवा रंग देऊन भरलेलं. कुणाच्या बाटलीत काय, हे रुग्णाला माहीत नाही आणि मलाही नाही. ती यादी पाकिटात बंद करून सरांच्या कपाटात ठेवलेली. दर आठवड्याला मी सतरा प्रश्न विचारायचे आणि बारा आठवड्यांनी पाकीट फोडायचं.

रुग्ण मिळता मिळेनात. उदास माणूस दवाखान्यात येतच नाही, तो घरी भिंतीकडे तोंड करून पडतो. शेवटी आमच्या बाह्यरुग्ण विभागाचा शिपाई गेनूमामा याला बरोबर घेऊन मी घरोघर हिंडले. जाईन तिथे चहा. नको म्हणायची सोय नाही. वैद्य बाई असून पंधरा दिवस पित्तानं हैराण झाले, पण चोवीस माणसं जमवली. बुधवारी गावचा बाजार असायचा, म्हणून तपासणीचा वारही बुधवारच ठेवला. पुढं पुढं महाविद्यालयात सगळे त्यांना माझे बुधवारकर म्हणू लागले.

बोत्रेकाका त्यांतले सगळ्यांत गोड. पेठेत त्यांचं टेलरिंगचं दुकान. शिवण काकांचं आणि काजं-बटणं, हातशिलाई काकूंची, असा त्यांचा पस्तीस वर्षांचा संसार होता. दिवाळीच्या तोंडावर काकू गेल्या. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा ते म्हणाले होते, “बाई, मशीनवर बसलो की समोरच्या पाटावर नजर जाते. मग पाय चालत नाही.” पण आठव्या आठवड्यापर्यंत तेच काका मला टोपी सारखी करत भाकऱ्यांचा हिशेब सांगत होते.

आणि एकटे तेच नव्हेत. चोवीसच्या चोवीस जण दर बुधवारी दोन-चार आकड्यांनी उतरत होते. मी तर हवेत होते. माझं लग्न ठरलेलं होतं आणि ‘आधी परीक्षा, मग अक्षता’ असं आमच्या दादांनी व्याह्यांना स्पष्ट सांगून ठेवलं होतं. झंपराचं ते कापड त्याचसाठी होतं. प्रबंध वेळेत गेला की उन्हाळ्यात परीक्षा आणि वैशाखात लग्न, असे मांडे मी मनातल्या मनात खात होते. आलेख काढायचा कागद आणून ठेवला. त्यावर उतरती रेघ काढली, फार सुरेख दिसली.

ती घेऊन मी सरांकडे गेले. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला.

“चोवीसच्या चोवीस सुधारले?”

“हो सर.”

“निम्म्यांच्या पोटात ज्वारी चाललीय, हे लक्षात आहे ना?”

मी त्या रेघेकडे पाहिलं.

“मग दोन शक्यता आहेत, गलांडे. एक, आपल्या तालुक्याच्या ज्वारीत काही दैवी गुण आहे. तसं असेल तर ब्राह्मी सोडू आणि कणग्या उघडू. दुसरी शक्यता, तुमचे बुधवारकर तुम्हाला बनवताहेत.”

“ते कशाला बनवतील सर? त्यांचा काय फायदा?”

“ते तुम्ही शोधायचं.” सरांनी कागद परत दिला. “सतराही प्रश्न जसेच्या तसे विचारताय ना? गाळत, वगळत नाही ना काही?”

“नाही सर,” मी म्हणाले.

पुढच्या बुधवारी मी तासभर आधी गेले आणि केसपेपरच्या खोलीत जाऊन बसले. तिची खिडकी व्हरांड्यात उघडते. बाहेरच्या बाकावर माझे बुधवारकर बाजाराच्या पिशव्या पायाशी घेऊन बसले होते. मधोमध बायडाक्का होती. ही साठीची बाई म्हणजे सगळ्या व्हरांड्याची मुकादम. मुलगा-सून पुण्याला, घरी ही आणि एक नात. सगळ्यांत आधी हिचाच आकडा उतरला होता. ती शेजारच्या म्हातारबांची शिकवणी घेत होती.

“झोपंचं काय सांगशील?”

“लागती म्हनून सांगीन.”

“किती लागती?”

“आठ तास.”

“आरं, मागल्या बारीला पाच सांगितलंस न्हवं? मग आता सा सांग. येकदम आठावर उडी मारू नगंस. शिकल्याली पोरगी हाय, तिला संशव यील.”

“आन रडू येतंय का, म्हनून इचारलं तर?”

“येत न्हाय म्हन. पर हसू बी नगंस. हसलास की सगळं फुकाट.”

“मला खरंच लई येतंय गं आक्का.”

“मला येत न्हाय व्हय? घरी जाऊन रड की! हितं त्या लेकराचं लगीन अडकलंय.”

माझ्या हातातला आलेखाचा कागद कधी चुरगळला गेला, मला कळलं नाही. मी तशीच उठून बाहेर आले. म्हातारबा घाईघाईनं मला म्हणाले, “सा तास.”

“आक्का, हे काय चाललंय?”

“काय चाललंय? काय सुदीक न्हाय.” मग माझा चेहरा बघून तिनं पदर कमरेला खोचला. चोरी पकडली गेली की बायडाक्काचा आवाज दुप्पट व्हायचा. “बरं, चाललंय. मग? गेनूनं सांगितलं आमाला. रोगी बरं झालं न्हाईत तर बाई नापास. नापास झाली तर लगीन मोडतंय. तू माझ्या घरात बसून च्या प्यालीस, लेकी. माझ्या नातीच्या येनीला रिबीन बांधलीस. आता तुला म्या नापास करू?”

मी गेनूमामाकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या पालीकडे अत्यंत बारकाईनं बघत होता.

मला हसावं की रडावं कळेना. चोवीस माणसं, प्रत्येकाच्या छातीवर धोंडा, आणि तो तसाच ठेवून ती दर बुधवारी मला पास करायला येत होती. मी तिथंच खांबाला टेकले आणि त्यांना समजावलं, की औषधाला गुण आला तरी मी पास आणि नाही आला तरी पास. नापास होईन ती फक्त तुम्ही खोटं सांगितलंत तर.

“गुन आला न्हाय तरी पास?” बायडाक्कानं खात्री करून घेतली.

“हो.”

“मग हे आधी सांगायला काय झालं हुतं? दोन म्हैनं नुसतं बरं हाय, बरं हाय करून जीव दमला आमचा!”

आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. एकाला तीन आठवडे डोळ्याला डोळा नव्हता. एकीला भाकरी घशाखाली उतरत नव्हती. म्हातारबा तर मला बरं नाही, मला बरं नाही असं इतक्या मोकळेपणानं म्हणाले की त्यांना त्यातच जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. मी वहीत लिहू लागले. आकडे भराभरा वर चढत होते, माझा प्रबंध बुडत होता आणि तरी त्या व्हरांड्यात मला दोन महिन्यांत पहिल्यांदा खरा दवाखाना चालवल्यासारखं वाटत होतं.

“बोत्रेकाका दिसत नाहीत,” मी म्हणाले. “त्यांचंही खोटंच असणार. येऊ देत, त्यांनाही बघते.”

“ते सकाळीच यिऊन गेलं,” गेनूमामा पालीवरची नजर काढून म्हणाला. “हे ठिवलंय तुमच्यासाठी. आज यायला जमायचं न्हाय म्हनलं.”

कागदात बांधलेली पुडी होती. उघडली तर माझं झंपराचं कापड. कात्री लागलेली नव्हती. नीट चौघडी घातलेलं, वर सुईनं टाचलेली मापांची चिठ्ठी आणि तिच्याखाली काकांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘हेमलताबाई, माफी असावी. चांगल्या हातून शिवून घ्या. सुखी राहा.’

“तुझं बी दिलं परत?” बायडाक्का वाकून बघत म्हणाली. “आठ दिस झालं, दारोदार कापडं परत करत हिंडतोय. माझ्या नातीच्या परकराचं बी दिलं. हात जोडलं माझ्यापुढं, चुकलं-माकलं पोटात घाला म्हनला. मी म्हनलं, अगं बया, ह्या शिंप्याला आत्ता लाज वाटली व्हय!”

सगळे हसले. मीही हसले, पण माझं हसू अर्ध्यावर राहिलं.

आमच्या पुस्तकात त्याविषयी लिहिलेलं होतं आणि मी ते पाठ केलं होतं. उदास माणूस एकाएकी आवराआवर करू लागला, हातातली कामं मिटवू लागला, भेटेल त्याची माफी मागू लागला, तर एक क्षण दवडू नये. आणि हे ओळखण्यासाठीच तक्त्यात एक प्रश्न होता. तिसरा. जगणं नकोसं वाटतं का, जीव द्यावासा वाटतो का. ज्याला त्यात शून्याखेरीज काही मिळेल त्याला अभ्यासात घ्यायचंच नाही, त्याच दिवशी साताऱ्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं, असा नियम सरांनी मला पहिल्याच दिवशी घालून दिला होता.

तो प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता.

पहिल्या दिवशी पहिल्याच घरात तो माझ्या ओठांवर आला आणि तिथंच अडला. समोर बापाच्या वयाची माणसं. हातात त्यांनी दिलेला चहा. त्यांच्या घरात, दिवेलागणीला, असलं अभद्र तोंडातून कसं काढायचं? आमच्या घरी मरणाचं नाव काढलं तरी आई ‘शुभ बोल’ म्हणून ओरडायची. मी दुसऱ्या प्रश्नावरून चौथ्यावर गेले आणि मधे माझ्या मनानं शून्य घातलं. एकदा घातलं की पुढं सोपं जातं. नऊ बुधवार, चोवीस माणसं, सगळी शून्यं माझ्या हातची. सरांनी विचारलं तेव्हाही मी पापणीही न लववता नाही म्हणून आले होते. माझ्या बुधवारकरांना खोटारडे म्हणताना मला याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

मी गेनूमामाला सरांकडे पिटाळलं आणि एप्रनसकट पेठेकडे धावत सुटले. ऐन बाराच्या बाजारात, लसणीच्या ढिगांवरून आणि लोकांच्या पायांवरून. कुणी काय म्हटलं ते ऐकू आलं नाही. ते दुकान उघडं असू दे, एवढंच मनात होतं.

दुकान उघडं होतं. आत नको इतकी स्वच्छता होती. जमिनीवर एक चिंधी नाही, दोऱ्याचा तुकडा नाही. मशीनवर धुतलेली चादर अंथरलेली. काका समोरच्या पाटाजवळ मांडी घालून शेवटची दोन पुडकी बांधत होते.

“अरे, बाई!” ते म्हणाले. “काय हो, कापड परत केलं तर एवढा राग? भांडायला पळत आलात?”

मला धाप लागली होती. मी त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसले.

“काका, एक प्रश्न राहिलाय.”

“आज सुट्टी घेतलीय मी. नाहीतरी सतराच्या सतरा होतात की दर वेळी.”

“सोळाच होतात. एक मी विचारतच नव्हते.”

“अवघड आहे का?”

“मला अवघड जातो.” मी वही उघडली नाही. शब्द पाठ होते. “काका, जगणं नकोसं वाटतं का? आपल्या जिवाचं काही करावं, असं मनात येतं का?”

बाहेर कोथिंबीरवाली ओरडत होती. काकांनी हातातली सुतळी खाली ठेवली. गाठ सुटली आणि पुडकं आपोआप उलगडलं, ते त्यांनी तसंच राहू दिलं.

“हा प्रश्न त्या कागदावर होता?”

“होता.”

“पहिल्या दिवसापासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग विचारला का नाहीत?” ते रागावले नव्हते, हेच मला सहन होईना. “मी दर बुधवारी वाट बघायचो हो. वाटायचं, एवढं झोपेचं विचारतात, भुकेचं विचारतात, पोट साफ होतं का तेसुद्धा विचारतात, तर कधीतरी हेही विचारतील. आपण होऊन कसं सांगायचं?”

“तुम्ही वडीलधारे. तुम्हाला असलं अभद्र कसं विचारायचं, म्हणून.”

काका माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “आणि मला वाटलं, पोरीचं लग्न ठरलंय. तिला असलं अभद्र कसं ऐकवायचं.”

मग ते म्हणाले, “हो. येतं मनात. दिवाळीपासून रोज येतं. आता तर दुसरं काही येतच नाही.”

मला रडू फुटलं. वैद्यानं रुग्णापुढं रडू नये हेही मी कुठंतरी वाचलं होतं, पण त्या दिवशी मी वाचलेल्यांतलं काहीच मला धड जमलं नाही. काकांनी शेल्फावरच्या डब्यातून पांढऱ्या मलमलीचा एक तुकडा काढून माझ्या हातात दिला.

“डोळे पुसा. तक्त्यातला रडण्याचा प्रश्न मला आहे, तुम्हाला नाही.”

आणि एवढं बोलून तेच रडले. पाटावर हात ठेवून, काकूंच्या जागेकडे तोंड करून, आवाज करून रडले. मी त्यांचा हात धरून बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही. हात सोडायचा नाही, एवढं एकच त्या क्षणी मला कळत होतं.

सर आले ते महाविद्यालयाची रुग्णवाहिका घेऊनच. एरवी एका वाक्याला एक टोमणा मारणारा हा माणूस काकांच्या शेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, “बोत्रे, आपण साताऱ्याला जाऊ. मी बरोबर येतोय. तिथले डॉक्टर याच्यावरचं औषध देतात आणि ते लागू पडतं. आमच्या ब्राह्मीचं काय ते मागाहून बघू.” काका लहान मुलासारखे उठले. दुकानाला कुलूप सरांनीच लावलं. मीही काकांबरोबर मागं बसले.

काका तीन आठवडे साताऱ्याला होते. फलटणची धाकटी बहीण येऊन राहिली आणि पुढं त्यांच्याकडेच राहिली. त्यांची औषधं वर्षभर चालली. त्यानंतर तेरा वर्षं त्यांनी पेठेत दुकान चालवलं आणि त्या तेरा वर्षांत एकही कापड ठरल्या दिवशी दिल्याचं कुणाला आठवत नाही.

त्या दिवशी साताऱ्याहून परतताना सर रुग्णवाहिकेत पुढं बसले होते. मग मागं न बघता म्हणाले, “तिसऱ्या प्रश्नाची शून्यं कुणाची?”

“माझी.”

“सगळी?”

“सगळी, सर.”

“प्रबंधात हे जसंच्या तसं लिहावं लागेल. मग हा प्रबंध राहत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सहा महिने गेले तुमचे.”

“लिहीन,” मी म्हणाले. वैशाख गेला, हे मला कळत होतं, आणि दादा काय म्हणतील तेही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मागच्या बाकावर जाताना काका बसले होते, ती जागा माझ्या शेजारीच होती, आणि तिच्यापुढं बाकी सगळं मला फार लहान वाटत होतं.

“आणि उरलेल्या तेवीस जणांचं?” सर म्हणाले.

त्याचं उत्तर मला पुढच्या बुधवारी द्यायचं होतं. त्या आठवड्यात मी रोज एकेकाच्या घरी जाऊन नुसतं डोकावून आले, पण चारचौघांत विचारायचा तो प्रश्न नव्हता. बुधवारी सगळे आले. बोत्रेकाकांचं गावभर झालं होतं, त्यामुळे आज बाकावर कुणाची शिकवणी नव्हती. मी खोलीत बसले आणि एकेकाला आत बोलवायला सांगितलं. अर्थात पहिली बायडाक्का. ती कधी कुणाला आपल्या आधी आत जाऊ देत नसे.

“कसं हाय शिंप्याचं?” बसता बसता तिनं विचारलं.

“बरे आहेत. आता खरोखरच बरे होतील.”

“काय बाई मानूस! येवढं तोंड चालतं, आन मनातलं म्हनून कुनाला काय कळू दिलं न्हाय.” ती हसली. “हं, इचार. झोप लागत न्हाय, सांगितलं मागल्या बारीला. तेवढीच लागत न्हाय. भूक हाय बरी.”

“आक्का, आज आधी एकच विचारायचंय,” मी म्हणाले आणि पेन बाजूला ठेवला. मग तिच्या डोळ्यांत बघून तो प्रश्न विचारला. एकही शब्द न गाळता, जसाच्या तसा.

बायडाक्काकडे कशाचंही उत्तर तयार असायचं. मी तिच्या तोंडून ‘अगं बया’ ऐकायच्या तयारीत होते. पण हातातली बाजाराची पिशवी तिनं एका बाजूला ठेवली, मग उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. बाहेर म्हातारबांचा खोकला ऐकू येत होता.

ती उठली. मला वाटलं, रागावून निघाली. तिनं दाराशी जाऊन गेनूमामाला सांगितलं, “कुनाला आत सोडू नगंस.” मग आपल्या हातानं दार लोटून घेतलं, कडी घातली आणि परत येऊन माझ्यासमोर बसली.

“आता इचार,” ती म्हणाली. “पुन्यांदा इचार.”